जागतिक तापमानवाढीची आणेवारी

पाऊस दगा देतो आणि पीक बुडते, ही शिवारात घडणारी गोष्ट असते. त्या गावाची आणेवारी, म्हणजे आजच्या सरकारी भाषेतील पैसेवारी, पन्नास पैशांच्या वर लागली की खाली, ही मात्र दप्तरात ठरणारी गोष्ट असते, आणि सवलती मिळणार की नाहीत हे त्या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे तो काढताना शंभराहून अधिक वर्षे तंटे होत आले आहेत. तत्कालीन मुंबई इलाख्यातील १९१८ चा खेडा सत्याग्रहसुद्धा पीक किती आणे आले याच वादातून उभा राहिला होता. तरीही आणेवारीवर भांडण आहे म्हणून दुष्काळच खोटा, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. जागतिक तापमानवाढीच्या चर्चेत मात्र हाच निष्कर्ष सर्रास काढला जातो: राष्ट्रे परिषदांमध्ये एकमेकांशी भांडतात, पक्ष त्यावर निवडणुका लढवतात, पैशांची मागणी होते, तेव्हा हे सारे प्रकरण राजकीयच असले पाहिजे, असे मानणारे लोक जगभर आहेत, आणि उलट बाजूस, धोका खरा आहे म्हणजे त्यावर सुचवला जाणारा प्रत्येक उपाय आणि सांगितला जाणारा प्रत्येक आकडाही खराच असला पाहिजे, असे मानणारेही आहेत. शिवारात काय घडते आहे आणि त्याचा भार कोणी उचलायचा, हे दोन प्रश्न एकत्र कालवले गेल्यामुळे दोन्ही बाजूंची फसगत होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर राजकारणाच्या कितीतरी आधीचे आहे. सूर्याचा प्रकाश वातावरणातून बऱ्याच अंशी विनाअडथळा खाली येतो, जमीन आणि समुद्र त्याने तापतात आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णताकिरणांच्या रूपाने पुन्हा आकाशाकडे टाकतात. हवेचा बहुतेक भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांसारखे वायू मात्र ते शोषून घेतात आणि त्यांतली काही उष्णता खाली परतवतात. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात, आणि तो मुळात वाईट नाही, कारण तो नसता तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंश सेल्सिअसऐवजी शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिले असते. प्रश्न या पांघरुणाची जाडी वाढण्याचा आहे.

युनिस फूट या अमेरिकन स्त्रीने १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापते असे दाखवले; तीनच वर्षांनी जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये कोणता वायू उष्णताकिरण किती शोषतो याची पद्धतशीर मोजणी सुरू केली. मुंबईत प्लेगने प्रवेश केला त्याच १८९६ साली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी पाच ते सहा अंशांनी तापेल असे गणित मांडले. या गणितामागे कोणता राजकीय हेतू असेलच तर तो आजच्या आरोपाच्या नेमका उलटा होता, कारण थंड देशात राहणाऱ्या अऱ्हेनियस यांना हा उबदार काळ हवाहवासा वाटत होता. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या ब्रिटिश अभियंत्याने जगभरातील १४७ केंद्रांच्या नोंदी जुळवून पृथ्वी तापू लागल्याचे दाखवले, आणि १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची अखंड मोजणी सुरू केली. त्या वर्षी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून असे दिसते की औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण सुमारे २८० होते आणि त्याआधीच्या आठ लाख वर्षांत ते ३०० च्या फारसे वर कधीच गेलेले नव्हते.

वाढलेला वायू माणसाच्याच चुलीतून आला कशावरून, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्या वायूच्या अणूंतच लिहिलेले आहे. कार्बनची काही समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपे असतात. त्यांपैकी कार्बन-१४ हा किरणोत्सारी असून सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून राहिलेल्या कोळशात आणि तेलात तो शिल्लकच नसतो. कोळसा जाळल्याने हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण विरळ होत जायला हवे होते, आणि ते तसे होत असल्याचे १९५० च्या दशकातच आढळले. सूर्यच जास्त तापू लागला असेल, या दुसऱ्या शंकेचे उत्तर वातावरणाच्या वरच्या मजल्यावर मिळते. सूर्य प्रखर झाला असता तर जमिनीलगतचे तपांबर आणि त्यावरचे स्थितांबर हे दोन्ही थर तापले असते. पांघरूण जाड झाले असेल तर मात्र खालचा थर तापून वरचा थर थंड व्हायला हवा. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये संगणकाच्या साहाय्याने हेच भाकीत केले होते आणि पुढे उपग्रहांच्या व फुग्यांच्या नोंदींत नेमके तसेच आढळले; मनाबे यांना २०२१ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक याच कामासाठी मिळाले. इथे हेही नोंदवायला हवे की बर्कली येथील भौतिकीचे प्राध्यापक रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींवर विश्वास नव्हता, त्यांनी त्या सर्व नोंदी स्वतंत्रपणे तपासायला घेतल्या, त्यासाठी तेल उद्योगाशी संबंधित कोच यांच्या प्रतिष्ठानाचाही काही पैसा होता, आणि २०१२ पर्यंत ते वाढ खरी असून ती जवळजवळ पूर्णपणे मानवनिर्मित आहे या निष्कर्षाला आले.

राजकारण या कथेत उशिरा शिरले, आणि सुरुवातीला ते आजच्यासारखे पक्षांच्या रेषेवर विभागलेलेही नव्हते. जून १९८८ मध्ये हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढीविषयी साक्ष दिली, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळ, म्हणजे आयपीसीसी, स्थापन झाले, आणि पुढल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या धोक्याविषयी बोलणाऱ्या नेत्या होत्या ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर, ज्यांना डाव्या विचारांचे कोणीही म्हणणार नाही. उद्योगांना याची झळ पोहोचणार हे कळले तेव्हा चित्र पालटले. एक्झॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपनीपुरती केलेली भाकिते पुढे बरीचशी खरी ठरली, पण कंपनीची जाहीर भाषा मात्र दीर्घकाळ अनिश्चिततेचीच राहिली. १९९७ मध्ये, हरितगृह वायू घटवण्याचा क्योटो करार होण्याच्या काही महिने आधी, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० अशा मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर त्याच काळात बंधने नसतील असा करार अमेरिकेने स्वीकारू नये. त्यानंतर अमेरिका पॅरिस करारात आली, गेली, परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. या सगळ्या काळात मौना लोआवरील आकडा दरवर्षी वाढतच राहिला.

भारतीय वाचकासाठी मात्र या वादाचा सर्वांत शिकवणारा भाग वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर भाताच्या खाचरात घडला. १९९० मध्ये अमेरिकेतील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने देशोदेशींच्या उत्सर्जनाची, म्हणजे हवेत सोडल्या जाणाऱ्या हरितगृह वायूंची, जंत्री प्रसिद्ध केली आणि त्या क्रमवारीत अमेरिका व सोव्हिएत संघापाठोपाठ ब्राझील, चीन आणि भारत यांना बसवले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये एका पुस्तिकेतून या हिशेबावर हल्ला चढवला. त्यांचा एक आक्षेप वाटणीच्या रीतीवर होता: समुद्र आणि जंगले दरवर्षी जो वायू शोषून घेतात त्याचे श्रेय त्या जंत्रीत ज्याचे उत्सर्जन मोठे त्याला मोठे, असे वाटले होते, म्हणजे सार्वजनिक विहिरीवर जो जास्त पोहरे ओढतो त्याचाच हक्क जास्त, असा न्याय लावला होता; हे श्रेय माणशी समान वाटले तर भारताच्या पदरात उरणारा दोष फार लहान होतो, असे त्यांनी दाखवले. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत होता. खाचरातल्या भातातून आणि दावणीच्या गुरांतून येणारा मिथेन हा पोट भरण्यासाठीचा आहे आणि मोटारींच्या धुराड्यांतून येणारा कार्बन डायऑक्साइड पुष्कळदा चैनीचा आहे, आणि या दोहोंना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा आक्षेप केवळ नैतिक नव्हता, त्यात विज्ञानाचाही एक पेच दडलेला होता. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके राहतो. एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडइतका, हे सांगायचे तर किती वर्षांचा हिशेब धरायचा ते आधी ठरवावे लागते. वीस वर्षांचा धरला तर मिथेन ऐंशीपटींच्या आसपास जबर ठरतो, शंभर वर्षांचा धरला तर सुमारे अठ्ठावीसपट. वीस की शंभर, हे निसर्ग सांगत नाही, माणसे ठरवतात, आणि गुरे व भात असलेल्या देशाचे पारडे त्या निवडीप्रमाणे जड किंवा हलके होते. शास्त्रीय दिसणाऱ्या कोष्टकात राजकारण कुठून शिरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे.

पण पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. भारतातील भातशेतीतून दरवर्षी ३ कोटी ७८ लाख टन मिथेन बाहेर पडतो, असा अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेचा त्या काळचा अंदाज होता आणि तो प्रामुख्याने इतर देशांतील शेतांवरच्या मोजणीवरून ताणून काढलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेशी संबंधित ज्येष्ठ शास्त्रज्ञ आशेष प्रसाद मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भातप्रदेशांत मोजणीची मोहीम निघाली. पद्धत साधी होती: भाताच्या चुडांवर पारदर्शक पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने आतली हवा पिचकारीने काढून घ्यायची आणि तिच्यातील मिथेन प्रयोगशाळेत मोजायचा. उत्तर आले सुमारे ४० लाख टनांचे, म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याचे. कारणेही समजण्यासारखी होती, कारण मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव प्राणवायू नसलेल्या चिखलातच वाढतात, आणि भारतातील पुष्कळ भात पावसावर होत असल्यामुळे खाचरात पाणी सलग साचून न राहता मधूनमधून ओसरते, शिवाय मातीत कुजणारा सेंद्रिय माल तुलनेने कमी असतो. मोजणीत मोठी चूक होती आणि तिचा भार एका गरीब देशावर पडणार होता हे खरे; पण ती चूक ज्यांनी दुरुस्त केली त्यांनी तापमानवाढ खोटी असल्याचे म्हटले नाही, त्यांनी पेट्या घेऊन चिखलात उतरून पुन्हा मोजणी केली. राजकीय आरोपाला शास्त्रीय उत्तर देण्याची ही रीत आपल्याकडे पुढे नेहमीच पाळली गेली असे मात्र म्हणता येत नाही.

हिमालयाच्या हिमनद्यांचे प्रकरण त्याची साक्ष आहे. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी असल्याचे विधान आले. ते कोणत्याही तपासलेल्या शोधनिबंधातून आले नव्हते. एका नियतकालिकातील मुलाखतीतून एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालात आणि तिथून मंडळाच्या अहवालात, अशी त्याची वाटचाल होती. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा चर्चालेख प्रसिद्ध करून हिमनद्या तापमानवाढीमुळे विलक्षण वेगाने मागे हटत असल्याच्या दाव्याला आव्हान दिले, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्या लेखाची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशा शब्दांत केली, आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, मंडळाला आपल्या विधानाबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला. हजारो पानांच्या अहवालातील ही एक चूक होती, पण टीकेला तुच्छतेने उडवून लावल्यामुळे तिची किंमत अनेक पटींनी वाढली. दुसऱ्या बाजूने, ती चूक सापडली म्हणून हिमालयाचे बर्फ सुरक्षित आहे असे मानणाऱ्यांचाही भ्रम टिकला नाही: शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांनी टिपलेली आणि नंतर खुली झालेली छायाचित्रे नव्या उपग्रहांच्या मोजमापांशी ताडून २०१९ मध्ये असे दाखवण्यात आले की २००० ते २०१६ या काळात हिमालयातील हिमनद्या त्याआधीच्या पाव शतकाच्या सुमारे दुप्पट वेगाने झिजल्या. २०३५ हे साल खोटे होते, झीज खोटी नव्हती.

आयपीसीसी ही राजकीय संस्था आहे, असा आरोप नेहमी होतो, आणि एका अर्थाने तो बरोबरच आहे, कारण तिच्या नावातच शासने आहेत आणि तिच्या अहवालाचा सारांश सर्व सदस्यदेशांच्या प्रतिनिधींसमोर ओळ न् ओळ वाचून मंजूर केला जातो. मात्र त्या प्रतिनिधींत तेल विकणारा सौदी अरेबिया असतो, कोळशावर वीज करणारा भारत असतो आणि समुद्रात बुडण्याच्या भीतीने ग्रासलेली छोटी बेटेही असतात. ज्यांचे हितसंबंध परस्परांच्या विरुद्ध आहेत अशा सगळ्यांनी मिळून २०२१ मध्ये वातावरण, समुद्र आणि जमीन मानवी कृतींमुळे तापली आहे हे निःसंदिग्ध असल्याच्या वाक्याला संमती दिली. असे वाक्य राजकारणामुळे भडक होण्यापेक्षा सौम्य होण्याचीच शक्यता अधिक असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मोजणीची एक महत्त्वाची जागा पुण्यातच आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या आणि केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. ही वाढ जागतिक सरासरीपेक्षा कमी दिसते, परंतु त्यामागे दिलासा देणारे कारण नाही. हवेतील धुराचे आणि रसायनांचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवून तापमान काहीसे दडपून ठेवतात, म्हणजे आपली हवा घाण आहे म्हणून ती थोडी कमी तापलेली आहे. त्याच अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, तर मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण कमी आणि पडेल तेव्हा कोसळणारा, असा पाऊस कोरडवाहू शेतीला दोन्हीकडून मारतो. आणि या कोसळण्यामागे साधे भौतिक कारण आहे, कारण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरून ठेवू शकते.

तथापि प्रत्येक पुराचे खापर तापमानवाढीवर फोडणे हेही एक राजकारणच आहे, आणि ते अलीकडे फार सोयीचे झाले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. अशा एकट्या घटनेत तापमानवाढीचा वाटा किती हे सांगणे अवघड असते. अशा घटनांची वारंवारता वाढते आहे, एवढे ठामपणे सांगता येते. मात्र शहरातील पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असताना, वाहून नेण्याच्या क्षमतेच्या होत्या आणि मिठी नदीचे पात्र भराव व बांधकामांनी आवळले गेले होते, याचा दोष कोणत्याही वायूवर टाकता येत नाही. हवामानबदल हा शब्द जबाबदार माणसाच्या तोंडी आला की तो धोक्याचे वर्णन करण्यासाठी आला आहे की नालेसफाईचा जाब टाळण्यासाठी, हे पाहणे नागरिकाला भाग आहे.

शास्त्रातही खरी अनिश्चितता आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचे उत्तर १९७९ मध्ये दीड ते साडेचार अंश असे दिले गेले होते. चाळीसहून अधिक वर्षांच्या संशोधनानंतर ते अडीच ते चार अंशांपर्यंतच आवळता आले आहे, कारण ढग तापमानवाढीला कसा प्रतिसाद देतील हे गणितात बसवणे फार जिकिरीचे आहे. मात्र ही अनिश्चितता किती वाईट होईल याविषयीची आहे, होईल की नाही याविषयीची नाही, आणि वरचे टोक खालच्या टोकाइतकेच शक्य असताना फक्त खालच्या टोकावर भिस्त ठेवणे याला सावधपणा म्हणता येणार नाही.

उरतो तो वाटणीचा प्रश्न, आणि तो मनापासून राजकीय आहे व तसाच असायला हवा. आजवर कोळसा, तेल यांसारखी इंधने जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारत आज वार्षिक उत्सर्जनात जगात तिसरा असला तरी इथे माणशी दोन टनांच्या आसपास तर अमेरिकेत माणशी सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. म्हणूनच ग्लासगो येथील २०२१ च्या हवामान परिषदेत कोळसा बंद करण्याऐवजी कमी करण्याची शब्दयोजना भारताने आग्रहाने करवून घेतली, आणि मिथेन घटवण्याच्या तिथल्या जागतिक प्रतिज्ञेवर सहीही केली नाही. ही भूमिका न्याय्य आहे, पण मुंबईच्या तुंबणाऱ्या पाण्यापासून किंवा मराठवाड्याच्या कोरड्या विहिरीपासून ती कोणाचे रक्षण करत नाही.

या भांडणाचा पुढचा फड बंदरांवर भरला आहे. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांसारख्या आयात मालावर तो तयार होताना सुटलेल्या कार्बनच्या प्रमाणात आकार लावण्याची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणीपुरती सुरू केली आणि २०२६ पासून तिचा प्रत्यक्ष टप्पा लागू झाला. भारताने याला एकतर्फी व्यापारी अडथळा म्हणून विरोध केला आहे, आणि त्या विरोधाला आधारही आहे. परंतु त्या नियमांत अशी तरतूद आहे की कारखान्याला आपल्या भट्टीतून प्रत्यक्ष किती कार्बन सुटतो याचा तपासलेला आकडा देता आला नाही, तर युरोपीय अधिकाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेला आकडा त्याच्या मालाला लावला जातो. पिचकारी आणि पारदर्शक पेटी घेऊन भाताच्या चिखलात उतरणाऱ्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी जे काम केले, ते आता प्रत्येक भट्टीच्या धुराड्याशी करावे लागणार आहे.